नवखा कारागीर

नान्नजच्या शिवारात, म्हणे, ज्वारी गोल झोपली
ग्रहणाच्या आदल्या रात्री.
पोरं मोबाईल घेऊन धावली,
कुणी हळदकुंकूही टाकून आलं.

राजेशम येमूल मात्र दोऱ्याचं रीळ घेऊन आला.
चाळीस वर्षं चादरींची डिझाइनं पाडलेला माणूस,
ग्राफच्या चौकटींतून मोर वळवणारा.
मला मधोमध उभं केलं, "टोक धर, हलू नको,"
आणि एकही ताट न मोडता फिरून आला.
दक्षिणेला दोरा वीतभर उरला.
"गोल नाय बा. कारागीर नवखा हाय."

रानडुकरं लोळली असतील, कुणी बोललं.
तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला.

साडेनऊच्या सुमारास ऊन ताकासारखं पातळ झालं.
टिटवी उगीच ओरडली.
त्यानं पिशवीतून जेकार्डचं जुनं कार्ड काढलं,
भंगारात गेलेल्या मागावरचं,
सूर्याकडं पाठ केली
आणि डोक्यावर उंच धरलं.

आडव्या ज्वारीवर
चतकोर चतकोर सूर्य उतरले,
एकमेकांत गुंतलेले,
तरी ओळ न सोडणारे.

कुठल्या चादरीचं हे? मी विचारलं.
त्याला आठवेना.
हात भरून आले, तरी कार्ड खाली घेईना,
ओठांतल्या ओठांत भोकं मोजत राहिला
सूर्य पुरता गोल होईस्तोवर.