परटिणीचा हिशेब

जालन्याच्या छावणीत भूत निघालं तेव्हा
मी आठ वर्षांचा, केवळामावशीच्या गाढवामागं चालणारा.
गाढवाचं नाव नबाब.
हाक मात्र हळू मारायची, मुलूख निजामाचा होता.

भूत पांढरं होतं, उंच होतं,
बारानंतर रिसाल्याच्या तबेल्यापाशी फिरायचं,
आणि (हे पाद्रीसाहेबालाही उलगडेना)
हरभरे खायचं.
पोत्यांमागून पोती. घोड्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.
पहारेकरी तबेल्याकडं पाठ करून पहारा देऊ लागले.
बदनापूरहून मांत्रिक आला, कोंबडं घेऊन गेला.
कर्नलच्या मडमेनं तीन पायांचं टेबल मांडलं,
चौघी जणी अंधारात बोटं टेकवून बसल्या;
टेबल एकदा हललं,
खाली मांजर निघालं.

मावशी कुंडलिकेच्या दगडावर कर्नलची विजार आपटत म्हणाली,
"मेलेल्या माणसाला चंदी कामून लागती रे?
अन् लागली तर लागली,
पोतं कामून नेतंय?"

अमावास्येला निघाली. हातात धुण्याची मोगरी,
पदराखाली कंदील, मागं मी,
माझ्यामागं नबाब. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

भूत आलं. हूं हूं केलं.
मी नबाबाच्या पोटाखाली.
मावशीनं रामनाम घेतलं नाही,
भुताचा घोळ धरला,
काठ बोटांनी चाचपला, कंदिलाशी नेला,
वास घेतला.
"बिब्ब्याचे तीन ठिपके अन् आडवी रेघ!
मेसची चादर. सोमवारी दिले ते एकवीस नग,
अन् मला म्हणत्यात, केवळा, वीसच भरले!"
आणि मोगरी.

चादरीतून लेफ्टनंट ॲपलबी निघाला,
गालमिशांत हरभऱ्याची टरफलं.
कादराबादच्या आडत्याशी भाव ठरलेला,
शर्यतीत कर्ज झालेलं.
साहेबाला या हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं,
ते चौकशीत शेवटपर्यंत निघालं नाही.

छावणीत सगळे गोष्ट इथंच संपवतात.
मी पोटाखालून बघत होतो, म्हणून पुढचं सांगतो.

ॲपलबीला नेलं, कंदील मिणमिणला,
आणि कडुनिंबाखाली
अजून एक पांढरं उभं होतं.
"ही कुणाची?" म्हणत मावशीनं काठ धरायला हात घातला.
हात पलीकडं निघाला.
वारा नव्हता. नबाबानं कान पाडले.

मावशीला गप्प झालेली मी तेवढीच एकदा पाहिली.
फार वेळ नाही, चार श्वास.
मग हात कमरेवर.

"तू पटकीत गेलेला कप्तान न्हवं?
मपल्या मायकडं तुपला सदरा राह्यलाय, अठरा वर्सं झाली.
म्हणं, फाटक्यातच पुरलं तुला.
माय मेली, पर सदरा ठिवलाय. कॉलरीला खळ बी हाय.
पाच आणे बाकी हायेत मात्र.
ते आधी."

पांढरं जरा वाकलं.
खिसे चाचपल्यासारखं केलं.

"हाली नगं," मावशी म्हणाली. "कलदार."

सकाळी खुंटीवर सदरा नव्हता.
धुण्याच्या दगडावर राणीछाप रुपया होता,
चैत्रातल्या उन्हात
गार.

मावशी जी वैतागली!
आता अकरा आणे परत करायला
पुढच्या अमावास्येपर्यंत थांबा.
विसरू नये म्हणून सुट्टे फडक्यात बांधून
तिनं नबाबाच्या गळ्यात अडकवले.
महिनाभर नबाब
देवळातल्या घंटेसारखा वाजत घाटावर गेला.

अमावास्येनंतरच्या सकाळी
तो वाजला नाही.