माप

शटडाऊनचा तेरावा दिवस.
सोहारच्या रिफायनरीत, सकाळी साडेदहाला,
तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर
वेल्डचा जोड बघायला वाकले
आणि डावीकडची तार तुटली.

पाइपाची नव्हे. माझी.
कापडातून डोकं काढून बरगडीला टोचत राहिली
जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
वहीत लिहिलं: जोड एकशे बारा, कड खाल्लेली, परत करा.
बरगडीची नोंद कुठल्या रकान्यात करतात
ते कुणी शिकवलं नव्हतं.

कव्हरॉल तर पुरुषी मापाचा.
खांदे सैल, कंबर सैल,
आणि चेन छातीशी येऊन अडते.
स्टोअरमधला बिजॉय दरवेळी सांगतो,
मॅडम, एक नंबर मोठा घ्या.
मोठा घेतला की पायचे लोळतात,
शिडीच्या पायरीत अडकतात.
एकोणीस वर्षं झाली,
जामनगर, जुबैल, रुवैस, आता हे;
मी एक नंबर मोठ्यात राहते
आणि आतून एक नंबर लहानात.

संध्याकाळी ड्रायव्हरला म्हटलं, बाजारात सोड,
औषधाच्या दुकानाशी.
खोटं कसं अलगद आलं तोंडात.
आईसुद्धा कुडाळच्या दुकानात
‘बॉडी’ हा शब्द नाकातल्या नाकात म्हणायची.
दुकानदार छताकडे बघत
वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा.
आकडा त्याच्या अंदाजाचा.
तोच मी पुढे
पासपोर्टवरच्या जन्मतारखेसारखा वापरला.

काचेत नुसती चमचम.
सॅटिन, जाळी, छातीच्या मधोमध खडा.
हे घालून शिडी चढणारी बाई
शिवणाऱ्यानं कधी पाहिलीच नसणार.
मी एकेक उलटी करून शिवण तपासली, सवयच ती.
टाका एकेरी. नापास.
पट्टीचा जोड ताण घेणार नाही. नापास.
सहावी नापास झाली तेव्हा
गल्ल्यामागची बाई हसली.
शम्सा तिचं नाव.
अबायाच्या बाहीतून तिनं टेप काढला
आणि मानेनंच पडदा दाखवला.

साँस छोडो, म्हणाली.
मी सोडला होता.
नहीं, पूरा.

पूरा सोडायला जरा वेळ लागला.

टेप पाठीवरून गारगार फिरला.
तिनं आकडा सांगितला.
मी म्हटलं, चूक आहे, माझा दुसरा आहे.
तिनं परत मोजलं नाही,
खांद्यावर पट्टीनं पाडलेल्या खाचेत
बोट ठेवलं फक्त.
तांदळाचा दाणा मावेल एवढी ती खाच.
मला वाटायचं, ती जन्मतःच आहे.

राखाडी, सुती, रुंद पट्टीच्या, बिनतारेच्या, दोन.
साडेअकरा रियाल.
रुपयांत गुणायला घेतलं, घशाशी आलं,
मग गुणायचं सोडून दिलं.
शेजारी चितगावचा शिंपी, आलमगीर,
त्यानं काही न विचारता
पायच्यांत तीन इंच दुमडून टीप मारली
आणि चेनीच्या दोन्ही बाजूंना
त्याच निळ्या कापडाची कळी बसवली.
कापड कुठून आणलं विचारलं, तर म्हणाला,
तुमच्याच पायच्यांतलं, दीदी.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस अंश.
जोड एकशे बारा पुन्हा केलेला.
वाकले, बॅटरी मारली, आरसा फिरवला. पास.
एकशे तेरा. एकशे चौदा.
दुपारी डब्यातला भात उघडताना लक्षात आलं,
सकाळपासून एकदाही
कोपऱ्यात जाऊन पट्टी ओढलेली नाही.
अंग होतं म्हणजे, पण हाका मारत नव्हतं.

रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये एक धुतली,
शॉवरच्या दांडीवर टाकली,
आणि वृंदाला फोन लावला.
घरात टेप आहे का गं?
कशाला?
आधी श्वास सोड.
काय?
श्वास. सगळा.

ती म्हणाली, कुकर लावलाय ताई,
तीन शिट्ट्या होऊ देत, मग करते.