दोनशे नंबरची चाळण

वडकबाळच्या पुलावरून
दस्तगीर मुजावर सीनेत बाटली सोडतो.
दोर तळहातातून घसरू देतो, मोजत,
खोलीचे दहा भाग केले तर सहाव्यावर थांबतो
आणि वर ओढतो
फार वेळ उकळलेल्या चहासारखं पाणी.
दुसऱ्या हातात तळातून खरवडलेली पिशवी, ओली, जड.
चिठ्ठीवर तारीख, वेळ, पातळी.
"बगा मॅडम, ह्यात किती गावं आलीत ते."

गावं मला मोजता येत नाहीत.
मी फक्त आकार सांगते.

एकशेपाच अंशांवर रात्रभर वाळवलेली नदी
सकाळी ताटलीत ढेकूळ होऊन बसते.
ती फोडायची, बोटांनी, दाणे न चिरडता.
मग चाळण्यांची उतरंड:
वर खड्यांची, खाली रेवेची, त्याखाली वाळूची जाड, मध्यम, बारीक,
सगळ्यात खाली दोनशे नंबर,
आणि तिच्याही खाली आंधळं पातेलं.
दहा मिनिटं यंत्र हलतं.
पूर्वभागातल्या आमच्या गल्लीत
असंच हलायचं सगळं, भिंतीवरचा देवसुद्धा.

वरच्या दोन चाळण्या हल्ली रिकाम्याच निघतात.
खडे दोन-चार, शिंपल्याचा तुकडा,
एकदा बांगडीची काच.
वाळू आधीच टिपरमधून गेलेली असते, रात्रीची,
पाण्याची वाट न बघता.
मी रकान्यात शून्य लिहिते.
शून्याचं कारण लिहायला रकाना नाही.

नान्ना एकदा डबा द्यायला आले.
एकेचाळीस वर्षं मागावर,
कुठलंही कापड दिसलं की आधी उजेडाकडे धरणारे.
दोनशे नंबर त्यांनी खिडकीकडे धरली,
खिशातून धागे मोजायचं घडीचं भिंग काढलं,
ओठ हलत राहिले, तेलुगूत.
"पाव इंचात पन्नास," ते म्हणाले,
"म्हणजे इंचाला दोनशे. उभे तेवढेच आडवे.
साधी वीण. पण तार एकसुद्धा चुकली नाही गं.
कुणी विणलं?"
कंपनीचं नाव कडेवर होतं.
विणणाऱ्याचं नव्हतं.

"ह्यातूनही खाली जातं ते काय?"
पोयटा, मी म्हटलं, आणि त्याहून बारीक चिकणमाती.
"ती कशात अडकते?"
कशातच नाही. तिच्यासाठी चाळण नसते.
तिला पाण्यात सोडायचं आणि थांबायचं.
मोठा दाणा बघता बघता तळाला,
पोयटा मिनिटांत, तासाभरात.
सगळ्यात बारीक कणाला
वीतभरही नाही, दहाच सेंटिमीटर उतरायला
आठ तास.

"एक पाळी," नान्ना म्हणाले.

ते गेले नाहीत मग.
काचेच्या उंच नळकांड्यासमोर स्टुलावर बसले.
वरून पाणी हळूहळू निवळायला लागलं,
इतकं हळू की पापणी लवली तरच कळावं.
मी नोंदी घेत राहिले: अर्धं मिनिट, एक, दोन, पंधरा,
मग तासांच्या.
डबा तसाच. कडक भाकरी, शेंगाची चटणी,
कागदावर तेल उमटत गेलेलं.

सरूतीची धूळ कितव्या नंबरातून जाते,
हे त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही की जी बारीक
तीच सगळ्यात लांब जाते, सगळ्यात आत.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली होती तेव्हा
त्यांनी ती आमच्यापेक्षा आधी वाचली असावी.

खोकला आला की ते उठत,
दार हलकेच ओढून व्हरांड्याच्या टोकाला जात,
जिन्यापलीकडे,
आणि उभे राहत तिथे, भिंतीला हात लावून,
टेबल हलू नये म्हणून.