ओळख दाखवणे

सकाळी तळजाईवर
मला बघून जे बुटाची नाडी बांधायला वाकतात
तेच रात्री पावणेदहाला
जाळीतून हात आत घालतात :
काका, नेहमीचं.

नेहमीचं म्हणजे काय ते मला पाठ आहे.
कुणाची क्वार्टर, कुणाचा खंबा,
कोण बाटली पेपरात गुंडाळून मागतो
आणि कोण घरूनच भाजीची पिशवी आणतो
वर मेथीची एक जुडी ठेवून.

मग एक्साइजवाले येऊन गेले.
मालक म्हणाले, यापुढे प्रत्येकाचं कार्ड बघायचं.
बियरला एकवीस, बाकीला पंचवीस,
परवाना नसेल तर पाच रुपयांची पावती फाडायची, नाव लिहून.
मी विचारलं, ओळखीचा असला तरी?
म्हणाले, ओळखीचा असला तर आधी.
आणि स्वतःच्या हाताने पाटी लिहिली :
'ओळखपत्र दाखवावे. ओळख सांगू नये.'

डिंगणकर सर भडकले. वय वर्षं एकाहत्तर.
तुझ्या पोरीला भूमिती मी शिकवली, म्हणाले,
आणि पीएमटीचा ज्येष्ठांचा पास
जाळीवर असा आपटला
की मागच्या रांगेतली दोन पोरं
न बोलता पांगली.
त्यांची वयं त्यामुळे कळली.

शनिवारी रायरीकरांचा अन्वय आला.
हा झाला त्या संध्याकाळी
त्याच्या बापाने क्वार्टरऐवजी फुल घेतली होती
आणि जाळीतून एक पेढा आत ढकलला होता.
त्या पेढ्याला आता बावीस वर्षं झाली.
तीन कमी पडतात.

रम द्या, म्हणाला. बाबांची.
कार्ड दाखव.
काका, तुम्ही मला ओळखत नाही का?
ओळखतो ना. तीच तर पंचाईत.

त्याने खिशातून काढला तो बापाचा परवाना.
कोपरे मऊ झालेले, शिक्का निळा,
वर छापलेलं : आजीव.
रायरीकर गेल्या वर्षी गेले.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
सलग तीन शनिवार त्यांची क्वार्टर मी बाजूला काढून ठेवली,
मग सोसायटीच्या गेटवर कागद वाचला.
दहाव्याला ओंकारेश्वरावर गेलो,
मागे, चपलांपाशी उभा राहिलो.
कुणी विचारलं नाही, आपण कोण.

प्यायला नकोय, पोरगा म्हणाला,
उद्या वर्ष होतंय. पानाशेजारी ठेवायचीय.
खरंही असेल.
या खिडकीत अठ्ठावीस वर्षं उभा आहे,
खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा
दोघंही सुटे पैसे तसेच मोजतात.

मी फोटोकडे बघत राहिलो.
रस्त्यात या माणसाने कधी ओळख दाखवली नाही,
बायको बरोबर असली की तर
समोरच्या फुटपाथवर जायचा.
आणि आता एकटक, थेट,
पापणीही न हलवता बघतोय माझ्याकडे.

नाही देता येत, म्हणालो.
आवाज नको तेवढा मोठा निघाला.
अन्वय गेला.
बिबवेवाडीच्या बाजूला वळला असेल,
तिथे त्याला कुणी ओळखत नाही.
तिथे मिळाली असेल.

परवाना मात्र इथेच राहिला.
गल्ल्यात, पाचच्या पावतीपुस्तकाखाली.
आज मंगळवार. तो न्यायला आलेला नाही.
घर मला माहीत आहे,
दुसरा मजला, दारात कोरफड,
दुकानापासून चालत चार मिनिटं.

जाईन म्हणतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं.
पण दार तिने उघडलं
आणि साखळी न काढता, फटीतून
विचारलं, कोण पाहिजे,
आणि मग विचारलं, आपण?