शेवटचा हात कधी लागला

ओउलूत जानेवारीत दुपारी तीनलाच दिवस मावळतो
आणि मग संध्याकाळ संपता संपत नाही.
त्या लांबलेल्या संध्याकाळी इर्मेली केरानेन
यादी उघडते.
नऊशे बारा ओळी.
नाव. काय करतं. कुठल्या शास्त्रातलं.
शेवटचा हात कधी लागला.
सांभाळणारं कोण.

शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत
दात पडलेल्या तोंडासारखा.

दिवसा ती इस्पितळात रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.
तिथे चूक झाली तर माणूस जाऊ शकतो.
इथे झाली तर कुणीतरी, कुठेतरी,
भलतंच पॅकेज उतरवून एक दुपार वाया घालवेल.
ती दोन्ही चुकांना सारखीच घाबरते.

माणसं सतरा. म्हणजे, मागच्या उन्हाळ्यात सतरा.
बाहिर दारचा गेटाहुन, वीज असेल तेव्हा.
वाल्दिव्हियाची रोसाउरा, मूल झोपल्यावर.
तार्तूचा एक पोरगा, जो आधी भांडतो
आणि भांडून झालं की गुपचूप चाळीस ओळी पुऱ्या करतो.
समुद्र आणि हवामान एका खणात ठेवायचे की दोन,
यावर त्याचे तीन आठवडे गेले. तिचेही.

कुणाला पगार नाही,
म्हणून कुणाला रागावता येत नाही.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या,
आणि लष्कर कुठल्या मुलखात आहे, तेही ठाऊक नाही.
ती फक्त विचारते, या आठवड्यात पाच जमतील?
पाच म्हटलं की तीन येतात.
तीन म्हटलं असतं तर एकही आलं नसतं,
हे कळायला तिला दोन वर्षं लागली.

ओळ सहाशे एक्केचाळीस.
माशाच्या कानातल्या इवल्या हाडावरची वलयं मोजतं,
मासा किती वर्षं जगला ते सांगतं.
लिहिणारा आउलिस, राहणार केमी.
शेवटचा हात अकरा वर्षांपूर्वी.
त्याला पाठवलेलं पत्र परत आलं.

नियम तिनेच केलेला:
पाच वर्षं हात नाही, तर अनाथ.
तो शब्द टंकताना तिची बोटं दर वेळी
जराशी थांबतात. नियम थांबत नाही.

पण गेटाहुनचा निरोप आला आहे:
"आमच्या तलावातल्या माशांवर चालवून पाहिलं.
डोळ्यांनी मोजली सात वलयं. यानेही सात.
आता सांग, हे कुठल्या खणात टाकू?
मासा की काळ?

आणि आत तुमच्या भाषेत एक ओळ आहे, ती काय म्हणते?"

ती उघडून बघते.
'हे वसंतात नीट करायचं.'
कुठल्या वसंतात, ते लिहिलेलं नाही.
खाली दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या,
पाहुण्यासाठी बाकावर सरकून बसावं तशा.

चहा केव्हाच गार झाला आहे.
खाली रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी
एकच फेरी पुन्हा पुन्हा मारते.

माणसांचीही एक यादी आहे. तिचाही नियम आहे:
नव्वद दिवस उत्तर नाही, तर नाव काढायचं.
रोसाउराचे आज त्र्याऐंशी.

इर्मेली शास्त्राच्या रकान्यात लिहिते: मासा.
रकान्यात एकच शब्द बसतो.
ती रकाना रुंद करते. मासा, काळ.
तार्तूचा पोरगा उद्या भांडेल. भांडू दे.
सांभाळणारं कोण, तिथे स्वतःचं नाव,
आणि पुढे प्रश्नचिन्ह,
कारण तिला माशांमधलं काही कळत नाही.

मग रोसाउराला लिहिते.
पाच जमतील का, असं नाही.
लिहिते: मूल आता रात्रभर झोपतं का?

दिवा मालवण्याआधी परत येऊन
ते प्रश्नचिन्ह खोडते.
उभ्या उभ्याच जरा वेळ बघते.
पुन्हा घालते.