पानाचा पत्रा

सात रस्त्यावरच्या दुकानात ती काचेमागे होती,
सोनेरी कागदातली, बोटभर लांब.
नव्वद रुपये.
श्रावंतीच्या सरांनी सांगितलेलं,
पळायच्या आधी अर्धी, पळून झाल्यावर अर्धी.
चष्मा लावून मी मागचं बारीक अक्षर वाचलं:
ओट्स, मध, कसल्याशा परदेशी बिया
आणि साखर, तीन वेगवेगळ्या नावांनी.
म्हटलं, राहू द्या.
हजार विड्यांत अशा दोन येतात, वर जरा रिक्षाभाडं.

घरी ज्वारी होती, मंगळवेढ्याहून मावशीनं पाठवलेली.
तापल्या कढईत मूठ टाकली, वरून फडकं दाबलं,
तरी लाह्या उडाल्याच
रातपाळी करून झोपलेल्या यांच्या अंगावर.
कूस बदलत म्हणाले, "धोटा उडाला काय?"
शेंगदाणे भाजून सुपात पाखडले,
सालं गेली यादम्मांच्या दारात.
त्या तेलुगूत ओरडल्या, मीही तेलुगूत,
तेवढ्यात तीळ करपले.

पाक वाटीतल्या पाण्यात थेंब सोडून बघायचा.
नळ येणार पाचव्या दिवशी,
म्हणून एकाच वाटीत अकरा थेंब.
पाणी चहासारखं झालं. तेही श्रावंती प्यायली.
वडी झाली शहाबादी फरशी.
कडक भाकरी मोडून खाणारं आमचं गाव,
तरी दात म्हणाले, नको बाई.

दुसऱ्या खेपेला गूळ नुसता विरघळू दिला,
कडेला बुडबुडे दिसले की उतरवला.
खजूर वाटून, जवस, सुंठ,
आणि मीठ चिमूटभर जास्तच,
कारण पार्क मैदानावरून ती येते तेव्हा
बनियनवर मिठाच्या रेघा असतात.

सुरीनं कापल्या तर एक जाड, एक बारीक.
मग हात आपोआप गेला
पानं कापायच्या पत्र्याकडे.
वीस वर्षं हाच आकार कापतेय,
एका टोकाला जरा निमुळता, डोळे मिटूनसुद्धा.
राखेनं घासला, लिंबानं घासला, उकळत्या पाण्यात बुडवला,
आमटीच्या वाट्याचं पाणी त्यात गेलं.
सोळा वड्या. एकसारख्या. कंपनीच्या म्हणाव्यात.

श्रावंतीनं एक तोंडात घातली. चावली. थांबली.
"अम्मा, तंबाखूचा वास येतोय."

पत्रा हुंगला. काही नाही.
परत हुंगला.
मग बोटं.

ती पुढे काही बोलली नाही.
उरलेली वडी सगळी खाल्ली, मला दिसेल अशी.
मला राग आला,
कुणाचा ते नीट कळलं नाही.

रविवारी तिसरा घाणा तिनं थापला.
मी उंबऱ्यावर, हात मांडीखाली दाबून:
तूप लाव तळव्याला,
गरम आहे तोवर थाप, नंतर ऐकत नाही ते,
अगं, कडेला दाब.
"तू थाप ना मग," म्हणाली आणि जीभ चावली.
पत्रा मात्र माझाच घेतला.
कागदात गुंडाळून वड्या बांधल्या
यांनी कारखान्यातून आणलेल्या लाल सुतानं.

पाच हजार मीटरमध्ये सहावी आली.
मार्च होता, सकाळी नऊलाच माती पोळत होती.
परतली ती ट्रॅकसूटच्या खिशात अर्धी वडी घेऊन,
मऊ पडलेली, टॉवेलचे धागे चिकटलेले.
"तुझी. तूही दिवसभर बसतेस."
बसायला कसली ताकद लागते, असं म्हणणार होते.
सूप बाजूला ठेवलं. उठले.
हात धुतले साबणानं, मग लिंबानं, मग परत.
धागे न काढताच खाल्ली,
सावकाश, दाताखाली एकेक लाही.

संध्याकाळी माल मोजला तर दीडशे विड्या कमी.
कार्डावर आकडा टाकता टाकता मुनीम म्हणाला,
"काय झालं, नागमणीबाई?"
म्हटलं, हात धुवायला वेळ लागला.