उरलेले तीन मिलिमीटर

मकनसा म्हणजे केरसुणी.
अलेक्झांड्रियात नोव्हेंबरच्या वादळाला म्हणतात.
ते येऊन गेलं की रस्ते खरंच झाडल्यासारखे,
आणि झाडलेलं सगळं
समुद्रासमोरच्या गॅलऱ्यांत साचलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही इब्राहिमियात,
पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद.
ड्रिल खांद्यावर घेऊन हमदून पुढे, मी मागे,
दर मजल्याला थांबून तो शिव्या हासडी,
आधी नगरपालिकेला, मग मला.

दार इन्शिराहबाईंनी उघडलं.
गॅलरीच्या खांबावर कॅलेंडर, सात वर्षांपूर्वीचं.
काढलं, तर खाली भेग,
उभी, तपकिरी,
चहा ओघळून वाळावा तशी.

मनगटाएवढी कांडी काढली, फोडली, फवारा मारला.
वीस वर्षं करतेय, तरी दर वेळी श्वास धरते.
जिथे काँक्रीट अजून शाबूत तिथे ते रंगतं,
थंड कर्कद्यासारखं, जास्वंदी.
जिथून हवा चालून गेली
तिथे काहीच नाही. राखाडी.

पट्टी लावली. बावीस.
एकसष्ट वर्षांत बावीस मिलिमीटर,
दार न वाजवता आलेली हवा.
सळई पंचविसाव्यावर.
"तीन उरलेत," मी म्हणाले,
जरा जास्तच आनंदाने.

हमदूनने हातोडीने टवका उडवला.
सळईच्या जागी पापुद्रे,
ओल्या पुस्तकासारखे फुगलेले,
बोट लावलं की गळणारे.
मी पुन्हा मोजलं. पुन्हा बावीस.

"वाळू इथली आहे,"
इन्शिराहबाईंनी बोटाने खाली दाखवलं,
लाटांकडे.
"नाईलच्या वाळूची गाडी चार दिवस आली नाही.
फहीम मुकादम होता. स्लॅब अडलेला, मजुरी अडलेली.
रात्री गाढवांवर लादून आणली.
मी चिमूटभर जिभेवर ठेवली होती.
लग्न ठरायचं होतं आमचं,
बोलले नाही."
मग थोड्या वेळाने,
"दुसऱ्या मजल्यावरची जागा मिळत होती.
त्यानं हीच मागून घेतली."

खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, हे मला ठाऊक आहे.
लोखंडाला कुणी विचारलं नव्हतं.
मीठ पहिल्या रात्रीपासून आत होतं,
सिमेंटने काही धरून ठेवलेलं,
हवेने येऊन तेही मोकळं केलं.

अहवालात कारणाचा रकाना दोन ओळींचा.
कार्बोनेशन, मी लिहिलं. क्लोराइड.
गॅलरीत उभं राहू नये.
दुसरी ओळ तिथेच संपली.

निघताना त्यांनी कांडीचा तुकडा मागितला,
रंगलेला.
"संध्याकाळपर्यंत उडेल हा रंग," मी सांगितलं.
"चालेल," म्हणाल्या,
आणि रुमालात बांधला.

जिन्यात हमदून गप्प होता.
तिसऱ्या मजल्यावर थांबला,
भिंतीला टेकणार होता,
टेकला नाही.